पाहुणे आले, पनीर काढा

मराठीत कुत्रा आणि पाहुणा या विषयावर शेवटचा शब्द कधीच लिहून झाला आहे. पु. ल. देशपांडे यांनी 'हसवणूक'मध्ये 'पाळीव प्राणी' लिहिला आणि दुसऱ्याच्या दिवाणखान्यात अंग चोरून बसलेल्या माणसाची बाजू कायमची मांडून ठेवली. तेव्हापासून कुत्रेवाल्या घरातल्या माणसाला मराठी मुलखात सहानुभूती म्हणून मिळत नाही. पाहुणा बिचारा आणि यजमान निर्दय, असा निकाल लागून गेला. अपिलाची मुदत संपून जमाना झाला, हे मान्य करूनच यजमानाच्या वतीनं मी हा उशिराचा अर्ज करतो आहे. घरी आलेल्या माणसाला आपण हसतमुखानं 'या, या' म्हणत असताना आपल्या पायापाशी बसलेलं आपलंच कुणीतरी 'जा, जा' म्हणत असेल, तर चेहरा कोणता करायचा, हे शिष्टाचाराच्या कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही.

बंगलेवाल्यांचं बरं असतं. त्यांच्याकडे फाटक असतं, फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी असते, आणि फाटकापासून व्हरांड्यापर्यंत चालताना आपलं काम खरंच एवढं महत्त्वाचं आहे का, याचा पाहुण्याला फेरविचार करता येतो. फ्लॅटमध्ये ही सोय नाही. बेल वाजली की दार, दारात चपला, आणि चपला काढायला पाहुणा वाकला की त्याचं तोंड आणि कुत्र्याचं तोंड एका पातळीवर येतात. आपल्याकडे घरात शिरणारा प्रत्येक माणूस पहिल्याच क्षणी कुत्र्यावर ओणवा होतो. अनोळखी देहानं असं वरून ओणवं होणं ही कुत्र्याच्या हिशेबी दमदाटी असते. बाहेरची धूळ घरात येऊ नये म्हणून आपण जे करतो, त्यानं भेटीची सुरुवातच भांडणानं होते.

आमचा ब्रूनो निवाऱ्यातून आला. वय दोनेक वर्षं असावं, असं तिथल्या डॉक्टरांनी दात बघून सांगितलं. लसीच्या पुस्तिकेत जातीच्या रकान्यात 'देशी' लिहिलेलं होतं, नाव तिथल्याच मुलांनी ठेवलेलं. पुण्यात गल्लीगणिक एक ब्रूनो असतो, तेव्हा आपला वेगळा ओळखू यावा म्हणून आईनं त्याच्या नावाला 'बा' जोडला आणि त्याला खंडोबा-म्हसोबांच्या पंक्तीला नेऊन बसवलं. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच, दत्ताच्या पायाशी तर चार असतात, त्यामुळे ब्रूनोबाच्या सोवळ्याओवळ्याचा प्रश्न आमच्या घरात परस्पर मिटला.

सुरुवातीला तो इतका गप्प होता, की येणारा-जाणारा 'किती शहाणा आहे हो!' म्हणून जायचा. खरं तर तो शहाणा वगैरे काही नव्हता, श्वास रोखून बसला होता. दत्तक घेतलेल्या कुत्र्यांबद्दल तीन-तीन-तीनचा एक ठोकताळा आहे. तीन दिवसांत भांबावलेपण जरा ओसरतं, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं आणि तीन महिन्यांत हे घर आपलं आहे असं वाटायला लागतं. घर आपलं वाटलं, की साहजिकच पुढचा प्रश्न पडतो, 'मग हा कोण?'

हा प्रश्न ब्रूनोनं पहिल्यांदा विचारला तो माझ्या साडूंना. घशाच्या तळातून, ओठ फारसे न हलवता, सलग. साडूंनी पोह्यांचा चमचा होता तिथेच थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याशी माझे संबंध उत्तम आहेत. पण हे मी कुत्र्याला मुद्दाम शिकवलं, हा त्यांचा संशय अजून पुरता फिटलेला नाही. 'इंजेक्शनं झालीयेत ना?' त्यांनी विचारलं. 'झालीयेत.' 'त्याची म्हणतोय मी.'

मग सल्ले सुरू झाले. कुत्र्याबद्दल सल्ला द्यायला कुत्रा पाळलेला असावा लागत नाही, लहानपणी एकदा चावलेला असला तरी चालतो. वर्तमानपत्राची सुरळी करा, नाकावर टिचकी मारा, दोन दिवस उपाशी ठेवा, काय वाटेल ते. खालच्या मजल्यावरच्या काकांचं निदान ठाम होतं. 'तो स्वतःला घरातला मुख्य समजतोय. त्याला एकदा दाखवून द्या, बॉस कोण आहे ते.' हा प्रश्न आमच्या घरात लग्नापासून अनिर्णित आहे. आता निव्वळ कुत्र्याच्या सोयीसाठी तो सोडवायला घ्यायचा, म्हणजे सगळ्याच जुन्या फायली उघडाव्या लागल्या असत्या.

सुदैवानं त्या फायली उघडण्याची गरज नव्हती, कारण काकांच्या सिद्धांताचं मूळच डळमळीत निघालं. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ मध्ये त्यांच्या मानापमानाच्या मारामाऱ्यांबद्दल लिहिलं. कुठून कुठून आणलेले लांडगे एका आवारात कोंडले तर दुसरं काय होणार? पुढे १९७० मध्ये डेव्हिड मीच या अमेरिकी संशोधकाच्या गाजलेल्या पुस्तकामुळे 'टोळीचा दादा' ही कल्पना घरोघरी पोचली आणि लांडग्यांवरून ती कुत्र्यांच्या डोक्यावर बसली. नंतर डेव्हिड मीच यांनीच रानातले लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची मुलं. मी हे काकांना सांगितलं. 'म्हणजे एकत्र कुटुंब,' काका म्हणाले. 'मग तिथे काय भांडणं नसतात?' या मुद्द्यावर डेव्हिड मीच यांनी काय म्हटलं असतं, कोण जाणे.

आमच्या पशुवैद्य डॉक्टरीणबाईंनी मात्र सिद्धांतांना हात घातला नाही. त्यांनी आधी ब्रूनोचे कान पाहिले, दात पाहिले, कंबर आणि मागचे पाय दाबून पाहिले. दुखणारं कुत्रंही गुरगुरतं, आणि दुखण्यावर शिकवणीचा उपयोग नसतो. दुखत काहीच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, 'एक लक्षात ठेवा. त्याचं गुरगुरणं बंद करू नका.'

आम्ही त्यांच्याकडे आलो होतो तेच मुळी गुरगुरणं बंद करायला. त्यामुळे मी आणि बायको एकमेकांकडे बघायला लागलो.

'गुरगुरतो म्हणून त्याला मारलंत, रागावलात, तर तो गुरगुरायचा थांबेलही,' त्या म्हणाल्या. 'पण माणसाची भीती जाईल का? ती तशीच राहणार. फक्त सांगायची सोय गेली. मग एक दिवस न सांगता चावेल, आणि तुम्ही म्हणाल, काही नव्हतं हो, एकदम चावला!'

केंडल शेफर्ड या इंग्लंडमधल्या पशुवैद्य बाईंनी या सांगण्याची एक शिडीच काढून ठेवली आहे. कुत्र्याला एखादी गोष्ट नकोशी झाली, की तळच्या पायरीवर तो जांभई देतो, डोळे मिचकावतो, नाक चाटतो. मग मान फिरवतो, अंग फिरवतो, उठून लांब जातो. तरी समोरचा ऐकत नसेल तर कान मागे, शेपूट पोटाशी, अंग आखडलेलं, नजर रोखलेली. गुरगुर येते ती याच्याही वर, आणि तिच्यापुढे हवेत दात वाजवणं आणि चावणं एवढंच उरतं. म्हणजे गुरगुरीपर्यंत पोचलेल्या कुत्र्यानं आधी सात-आठ अर्ज करून पाहिलेले असतात. ब्रूनोनंही केले होते. पाहुणे आले की तो जांभया द्यायचा आणि आई म्हणायची, 'झोप आलीये बिचाऱ्याला.'

या शिडीचं मला नवल वाटलं ते तिच्या ओळखीचं असण्यामुळे. रात्री साडेनऊनंतर पाहुणा हलायचं नाव घेत नसला की मराठी यजमान ह्याच पायऱ्या चढतो. आधी जांभई. मग घड्याळाकडे नजर. मग 'उद्या तुम्हाला लवकर उठायचं असेल ना?' मग उठून स्वयंपाकघराचा ओटा पुसणं, मुलांना मोठ्यानं झोपायला पिटाळणं, बाहेरच्या खोलीतला एक दिवा घालवणं. त्याच्या वरच्या पायरीवर मात्र आपण कधीच पाय ठेवत नाही. उलट दारापर्यंत जाऊन 'एवढ्यात निघालात?' म्हणतो, आणि लिफ्टचं दार लागल्यावर मागल्या मागे बायकोशी गुरगुरतो. ब्रूनो ते पाहुण्याच्या तोंडावर आणि वेळेत करतो, एवढाच काय तो फरक.

शिवाय सगळ्या गुरगुरी सारख्या नसतात. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाड राखताना, अनोळखी माणूस अंगावर येताना आणि दोरी ओढायच्या खेळात कुत्री कशी गुरगुरतात ते ध्वनिमुद्रित केलं होतं. मग दुसऱ्या कुत्र्यांसमोर हाड ठेवून हे आवाज आडून ऐकवले. हाड राखणारी गुरगुर ऐकून कुत्री हाडापासून मागे सरत. बाकीच्या गुरगुरींना ती तितकी भीक घालत नसत. म्हणजे कुत्र्याला कुत्र्याचं म्हणणं नेमकं कळतं. आम्ही मात्र सगळ्या गुरगुरी साडूंच्या खात्यावर टाकत होतो.

नीट बघायला लागल्यावर यादी तयार झाली. हेल्मेट घालून आलेला माणूस, हातात छत्री किंवा काठी असलेला माणूस, दारात ओणवा होणारा माणूस. म्हणजे साडूंच्या बाबतीत चूक साडूंची नव्हती, त्यांच्या हेल्मेटची होती. पिल्लाला जग ओळखीचं होण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९६५ च्या ग्रंथात या काळाचं महत्त्व मांडलं. त्या आठवड्यांत ज्यानं माणसाच्या हातात काठीच पाहिली, त्याला पुढे त्याच हातात वाटी आहे हे पटवून द्यायला वेळ लागतो.

वेळ म्हणजे पनीर. आमचं घर शाकाहारी, म्हणून पनीर; दुसरीकडे उकडलेली कोंबडी चालते. पनीराचे हरभऱ्याएवढे तुकडे करून डबी दाराजवळच्या फळीवर ठेवायची. आमच्या बेलमध्ये चिमण्या चिवचिवतात. तो चिवचिवाट मोबाइलवर घेऊन आधी अगदी हलक्या आवाजात वाजवायचा, आणि लगेच पनीर. मग थोडा मोठा, पुन्हा पनीर. यात क्रम महत्त्वाचा, आधी बेल आणि मागून पनीर. उलट केलं तर पनीर दिसताच कुत्र्याच्या पोटात गोळा येतो, की आता कोण येतंय! इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. पण त्यांचं नाव घरोघरी झालं ते कुत्र्याच्या तोंडाला कशानं पाणी सुटतं हे दाखवल्यामुळे. आमच्याकडे काही दिवसांनी शेजारच्यांची बेल वाजली तरी ब्रूनो फळीकडे बघायला लागला. माझ्याही तोंडाला पाणी सुटतं, हे मी घरात बोललेलो नाही.

बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात त्याची गादी टाकली. गादीचा कायदा असा, की ब्रूनो गादीवर असेल तेव्हा त्याला कुणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, त्याच्यावर प्रेमसुद्धा करायचं नाही. गादी ही त्याची हद्द. पाहुणा येताना ब्रूनो पट्ट्यासकट आत, बोळातल्या छोट्या जाळीच्या फाटकामागे. पाहुणा चपला काढून, बसून, स्थिरस्थावर झाला की मगच बाहेर, आणि थेट गादीवर. पाहुण्यानं हातातून खाऊ द्यायचा नाही. कुत्रं लोभानं जवळ येतं आणि तुकडा संपल्यावर आपण कुठे येऊन पोचलो हे बघून घाबरतं. त्यापेक्षा तुकडा त्याच्या मागे टाकायचा, म्हणजे मिळकत तर होते आणि अंतरही वाढतं. तरीही गुरगुरला तर रागवायचं नाही, 'बरं, कळलं' म्हणून त्याला शांतपणे आत घेऊन जायचं. पनीर समोर असून खात नसेल, तर समजायचं की पाहुणा फार जवळ बसवलाय.

पाहुण्यांनाही मोबाइलवर आधी सूचना जात. वाकू नका. डोळ्यांत बघू नका. हात पुढे करू नका. नावानं हाक मारू नका. 'मग आम्ही करायचं काय?' साडूंनी उलट विचारलं. 'दुर्लक्ष.' पुण्यात जन्म काढलेल्या माणसांना दुर्लक्ष जमू नये, याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं. सगळ्यांत अवघड जातात ते प्राणिप्रेमी. 'मला कुत्री फार आवडतात, मला नाही काही करणार,' म्हणत ते दोन्ही हात पसरून थेट गादीवर चालून येतात. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते ते सोन्यासारखे पाहुणे. दूर बसतात, हलत नाहीत, नजर देत नाहीत. ब्रूनोचं पहिलं सूत जमलं ते नळ दुरुस्त करायला आलेल्या आणि मोरीतून बाहेर यायलाच तयार नसलेल्या गृहस्थांशी.

खाण्याच्या बाबतीत एकच लढाई झाली, तीही देवाधर्माशी. सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आलेल्या शेजारच्या काकूंना ब्रूनोलाही चिमूटभर शिरा द्यायचा होता. शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यानं होतील याचा भरवसा नाही. प्रसाद नाकारला तर काय होतं हे साधुवाण्याच्या गोष्टीतून सगळ्यांना पाठ. शेवटी ब्रूनोच्या वाटचा प्रसाद मी खाल्ला आणि काकूंच्या देखत त्याला पनीर दिलं. दोन्ही दैवतं शांत झाली.

आणि मग साताऱ्याहून आत्या आली.

आत्या ऐंशीच्या घरातली, हातात काठी, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. काठी पाहून मी धसकलो आणि ती बाहेर ठेवायची विनंती केली. तिनं 'का?' असंही विचारलं नाही. काठी दिली, भिंतीला धरून आत आली, खुर्चीत बसली आणि वर्तमानपत्र उघडलं. ब्रूनोकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पनीर टाकायची विनंती केली तर म्हणाली, 'अरे, आमची ओळख तर होऊ दे.' अग्रलेख संपला, पान उलटलं, आणि ब्रूनो गादीवरून उठून तिच्या पायाशी आला, पावलं हुंगली, परत जाऊन बसला. आत्यानं पाय हलवला नाही.

खालचे काका नेमके तिथे होते. 'पहिल्याच दिवशी एक ठेवून दिली असती, तर एवढं नाटक लागलं नसतं,' ते म्हणाले. आत्यानं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि आदिपर्व काढलं. जनमेजयाचं कुरुक्षेत्रावर सत्र चालू होतं, तिथे सरमेचं पिल्लू आलं. त्यानं हविर्द्रव्याला तोंड लावलं नव्हतं, तिकडे पाहिलंही नव्हतं. जनमेजयाच्या भावांनी त्याला मारलं. ते रडत आईकडे गेलं. सरमा, देवांची कुत्री ती, भर यज्ञात येऊन उभी राहिली आणि विचारलं, याचा अपराध काय? कुणालाच उत्तर देता आलं नाही. तेव्हा तिनं शाप दिला, की न दिसणारं भय तुमच्यावर येईल. 'महाभारताच्या सुरुवातीलाच आहे हे,' आत्या म्हणाली. 'आणि शेवटी धर्मराज काय म्हणतो ते तर सर्वांना ठाऊकच असतं. तुमचं मधलंच वाचून झालेलं दिसतंय.' काकांनी चहा लवकर संपवला.

रात्री मी आत्याला तीन-तीन-तीनचा ठोकताळा समजावून सांगितला. तीन महिने नव्या जिवाकडून कसलीही अपेक्षा करायची नाही, चार माणसांत उभं करायचं नाही, त्याला त्याच्या गतीनं येऊ द्यायचं, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग आईकडे वळून म्हणाली, 'वहिनी, आपल्याला किती दिवस दिले होते?'

आई हसली. 'वन्सं, मला दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या. आणि बाहेर बसलेल्या झाडून सगळ्यांना वाकून नमस्कार.'

'मला तर रात्रीच गाणं म्हणायला बसवलं,' आत्या म्हणाली. 'घसा कोरडा पडलेला. जांभया येत होत्या सारख्या. सासूबाई म्हणाल्या, झोप आलीये हिला.'

दोघी बराच वेळ हसत होत्या. मी पनीरचा डबा फ्रिजमध्ये ठेवायच्या निमित्तानं आत गेलो, कारण मला त्या हसण्यात नेमकं कुठे सामील व्हायचं ते कळेना. आपल्याकडे घरात नवं आलेलं किंवा लहान असलेलं माणूस पाहुण्यांसमोर मांडायची पद्धतच आहे. पोराचा गालगुच्चा घ्यायचा, 'ओळखलंस का मला?' विचारायचं, 'काकांना कविता म्हणून दाखव' म्हणायचं. पोर आईच्या पदराआड गेलं की 'लाजाळू आहे हो' म्हणून त्याला ओढून बाहेर काढायचं. या सगळ्यात प्रेमच असतं, आणि ते सगळं वरून ओणवं होऊन केलेलं असतं. ज्याला दात नाहीत त्याची शिडी कुणी वाचत नाही.

आमच्या सातवीतल्या कन्येनं हे आमच्याआधी वाचलं होतं. आत्या गेल्यानंतरच्या रविवारी घरात माणसं आली, तेव्हा ती पुस्तक घेऊन सरळ ब्रूनोच्या गादीवर जाऊन बसली. कुणीतरी तिला हाक मारली तशी शांतपणे म्हणाली, 'मी गादीवर आहे.' कायदा आमचाच होता. तिला कुणी हाक मारली नाही, गाणं म्हणायला सांगितलं नाही, मार्क विचारले नाहीत. तासाभरानं ती आपण होऊन उठली, खुर्ची ओढून बसली आणि साडूंना त्यांच्या हेल्मेटबद्दल विचारायला लागली. ब्रूनो तिच्या मागोमाग आला आणि साडूंपासून हातभर अंतरावर बसला. थोडा गुरगुरला. साडू म्हणाले, 'बरं, कळलं,' आणि पाय जरा मागे घेतले.

ब्रूनो पुरता बदललेला नाही. गॅसवाल्याला तो अजून खपवून घेत नाही, पावसाळ्यात छत्र्या वाढल्या की आमची सगळ्यांची उजळणी होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही माणसांच्या वेळी दुसऱ्या खोलीत दार लावून चघळायला देऊन बसवणं, हेसुद्धा उत्तरच आहे. प्रत्येक कुत्र्यानं प्रत्येक पाहुण्याशी गप्पा मारल्याच पाहिजेत असं कुठे लिहिलंय?

हे वाक्य आईनं फारच मनावर घेतलेलं दिसतंय. इतकी वर्षं कुणी कधीही येवो, दुपारच्या झोपेतून उठून ती कांदा चिरायला घेते. परवा अडीच वाजता चिमण्या चिवचिवल्या. ब्रूनो उठून फळीखाली जाऊन बसला. मी दाराकडे निघालो, तर आईच्या खोलीतून, कूस न बदलता, आवाज आला, 'कोण असेल त्याला बसव, हवं तर पनीर दे. मी गादीवर आहे म्हणावं.'